हुतात्मे मूर्तीत असावेत, गर्दी जिवंत असावी

सोलापूर,
२ फेब्रुवारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. १९३० च्या मे महिन्यातील सोलापूरच्या उठावावर आम्ही येत्या मे महिन्यात शहरातून जी मिरवणूक काढणार आहोत, तिच्यासाठी तू पाठवलेला आराखडा मी सर्व सहकाऱ्यांना वाचून दाखवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फाशीचा तख्ता उभारायचा, चार तरुण नटांना त्या उठावानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची वेशभूषा द्यायची आणि चौकाचौकांत थांबून तो प्रसंग सादर करायचा, ही कल्पना परिणामकारक आहे आणि रंगमंचावर तू ती समर्थपणे उभी करशील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र रस्त्यावरच्या मिरवणुकीत आपण ती करू नये, असे माझे ठाम मत आहे आणि त्यामागची कारणे सविस्तर सांगावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थोडक्यात सांगायचे तर हुतात्मे मूर्तीत असावेत आणि गर्दी जिवंत माणसांची असावी. शिल्प आणि नाट्य यांना एकत्र आणायचे असेल, तर दोघांना वेगवेगळे काम दिले पाहिजे. एकाच ट्रॉलीवर थर्माकोलचा किल्ला आणि त्यापुढे जरीचा अंगरखा घातलेला मुलगा, अशी मांडणी आपण शिवजयंतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तेथे शिल्प केवळ पडदा होऊन राहते आणि मुलाला मात्र पुतळ्यासारखे ताठ उभे राहावे लागते, म्हणजे दोघांचेही बळ वाया जाते.

मला हे सुचले ते आमच्याच ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेवरून. यात्रा नुकतीच पार पडली आणि या वेळी मी ती याच प्रश्नाच्या नजरेने पाहिली. कथा तुला ठाऊक आहेच: कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा व्यक्त केली आणि योगी असलेल्या सिद्धरामेश्वरांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. हा विवाह संक्रांतीच्या दिवसांत दरवर्षी नव्याने होतो. सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेललेल्या उंच सजवलेल्या काठ्या, ६८ लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात आणि मग होम मैदानावर होमविधी होतो. तुझ्या भाषेत बोलायचे तर हा शेकडो वर्षे चालत आलेला पुनःप्रयोग आहे. पण या साऱ्या प्रयोगात सिद्धरामेश्वरांचे सोंग कोणी घेत नाही. वर म्हणून सजवलेला ध्वज असतो. होमाच्या वेळी कुंभारकन्या म्हणून पेंढीला साडीचोळी नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि ती अग्नीला अर्पण करतात. तेथे एखाद्या मुलीला नटवून उभे करावे, असे आजवर कोणाला वाटले नाही. जिवंत माणसे आहेत ती पेलणारी, हलगी वाजवणारी आणि अक्षता टाकणारी. सारे शहर वऱ्हाडी होते, आणि वऱ्हाड्याला अभिनय करावा लागत नाही, त्याने हजर असले की पुरते.

नागफणी बसवलेला पहिला नंदीध्वज होमाकडे जाताना मी अगदी जवळून पाहिला. वजन वरच्या टोकाला असल्यामुळे काठी थोडी जरी कलली तरी तिचा सारा भार पेलणाऱ्याच्या कमरेवर येतो. बाराबंदी घामाने पाठीला चिकटलेली होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डोळे वर टोकावर खिळलेले होते आणि आजूबाजूच्या सहकाऱ्यांचे हात काठीला न लागता, पण लागण्याच्या तयारीत, तिच्याबरोबर पुढे सरकत होते. पाहणाऱ्यांचा श्वास त्या क्षणी अडकला होता. कोणत्याही नटाच्या मुद्रेवर मी असा ताण पाहिलेला नाही, कारण हा ताण खऱ्या वजनातून आलेला होता. वस्तू निश्चल आणि माणूस तिच्याखाली धडपडणारा, यातून जे नाट्य निर्माण होते तेच मला मेमधल्या मिरवणुकीत हवे आहे.

आता फाशीच्या प्रसंगाविषयी. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ती तुरुंगाच्या भिंतीआड झाली, सोलापूरच्या रस्त्यावर झालेली नाही. जे या शहराने पाहिलेच नाही, ते आपण शहराच्या चौकात दहा वेळा करून दाखवायचे, हे मला पटत नाही. तिसऱ्या चौकापर्यंत नट थकतो, पाणी मागतो, गळ्यातला दोर सैल करून घेतो. पाहणारे मोबाइल उंचावतात, मिशी बरोबर लावली आहे का, चेहरा जुळतो का, यावर चर्चा करतात आणि टाळ्या वाजवतात. टाळी मिळाली की पुढच्या चौकात नट आणखी जोराने तडफडतो. यात कोणाचा दोष नाही, त्या मांडणीचाच तो परिणाम आहे. आणि कडेला उभ्या असलेल्यांपैकी कोणाचे पणजोबा १९३० च्या त्या गर्दीत होते, हे आपल्याला कसे कळणार?

खरे तर त्या दिवसांची नायक गर्दीच होती. गांधीजींच्या अटकेची बातमी आली तशा गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे पहिले हुतात्मा झाले. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालय पेटवले. त्यानंतर ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस इंग्रजांची सत्ता शहरात नावापुरती उरली आणि स्वयंसेवकांनी कारभार सांभाळला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनच्या अखेरीपर्यंत राहिला आणि तिरंगा बाळगणे हाच गुन्हा ठरला. मला या सर्वांत सर्वाधिक हलवून सोडतात ते मधले तीन दिवस. त्या दिवसांत कोणी फासावर गेले नाही, कोणी भाषणाने इतिहास घडवला नाही, लोकांनी वाहतूक सांभाळली आणि दुकानांवर पहारा दिला. हे चित्ररथावर दाखवता येत नाही, चालूनच दाखवावे लागते. लेखांत हे तीन दिवस एका ओळीत उरकले जातात, म्हणून तरी आपण त्यांना रस्ता द्यायला हवा.

तू २०१८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील महाराष्ट्राच्या शिवराज्याभिषेकाच्या चित्ररथाचा दाखला दिला आहेस. त्याला पहिला क्रमांक मिळाला आणि तो योग्यच होता. पण तो चित्ररथ रुंद, सरळ मार्गावरून जातो, लोक त्याला ठरावीक अंतरावरून काही क्षण पाहतात आणि तो पुढे सरकतो. आमच्या पेठांत पाहणारा हातभर अंतरावर असतो, दुसरा माडीवरून खाली पाहत असतो, तिसरा मिरवणुकीबरोबरच चालत असतो.

जगात इतरत्र काय केले गेले आहे, तेही मी वाचून काढले. स्पेनमधील सेव्हिल शहरात ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात लाकडी मूर्तींच्या मिरवणुका निघतात. त्यांतील हुआन दे मेसा या शिल्पकाराची १६२० ची क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती आजही मिरवणुकीत निघते. चेहरा आणि हात लाकडाचे, पण अंगावर खऱ्या कापडाचा झगा, त्यामुळे वाहणाऱ्यांच्या पावलांबरोबर कापड हलते आणि मूर्ती चालत असल्याचा भास होतो. तेथील वाहणारे पडद्याआड लपलेले असतात. आपल्याकडे ते दिसलेच पाहिजेत, नंदीध्वजाने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे.

जिवंत माणसांच्या बाजूने दोन उदाहरणे मला मोलाची वाटली. पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्याला १०० वर्षे झाली त्या दिवशी जेरेमी डेलर या कलावंताने सुमारे १,४०० स्वयंसेवकांना त्या काळच्या गणवेशात ब्रिटनभरच्या स्थानकांवर आणि बाजारांत नुसते उभे केले. ते बोलत नव्हते, कोणी जवळ आला तर मृत सैनिकाचे नाव लिहिलेले कार्ड त्याच्या हाती ठेवत होते. मरण्याचा अभिनय तेथेही कोणी केला नाही. दुसरे उदाहरण अमेरिकेतील कलावंत ड्रेड स्कॉट यांचे. लुईझियानात १८११ मध्ये गुलामांनी केलेला उठाव त्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये शेकडो लोकांसह दोन दिवस, २६ मैल चालून पुन्हा उभा केला. मूळ उठाव चिरडला गेला होता, पण ही पदयात्रा पराभवावर न संपवता त्यांनी ती न्यू ऑर्लिन्समध्ये उत्सवाने संपवली. इतिहास खोटा केला असे कोणी म्हणेल, मी म्हणणार नाही. उठाव करणाऱ्यांना जे हवे होते, तेच त्यांनी शेवटी ठेवले. आपले तीन दिवस शेवटी ठेवावेत, हा विचार मला तेथूनच मिळाला.

आता मूर्तींविषयी, कारण माझे हात सध्या त्यांतच अडकले आहेत. मूर्ती चार आहेत आणि प्रत्येक सुमारे दहा फूट उंच आहे. पार्क चौकाजवळ चौघांचे पुतळे आहेतच, त्यांची नक्कल मला करायची नाही. मी फक्त मस्तक आणि हात घडवतो आहे. शाडूत घडवायचे, त्यावरून साचा काढायचा आणि साच्यात कागदाचा लगदा थरावर थर बसवायचा. लगद्याला चिंचोक्याची खळ वापरतो. शेजारचे एक वृद्ध विणकर ती शिजवून देतात, कारण ती किती घट्ट झाली की उतरवायची हे त्यांच्या बोटांना जसे कळते तसे मला कळत नाही. लगदा वाळला की कवटीएवढा पोकळ, नारळाच्या करवंटीसारखा टणक आणि आश्चर्य वाटावे इतका हलका चेहरा हाती येतो. फायबरमध्ये तो अधिक गुळगुळीत झाला असता, पण मला पृष्ठभागावर कागदाचे थर दिसायला हवे आहेत. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते, त्यांच्या मस्तकासाठी तर मी छापील कागदच वापरला आहे आणि गालावर कोठे कोठे अक्षरे उमटू दिली आहेत.

मस्तकाखाली बांबूचा सांगाडा आणि त्यावर येथल्याच मागावरचे कोरे कापड, इतकेच शरीर आहे. वारा आला की ते भरते. प्रत्येक मूर्तीला चार जण, खांद्यावर आडवे बांबू घेऊन. रस्त्यावरच्या विजेच्या आणि केबलच्या तारांची अडचण मोठी आहे, आणि मानेत बिजागरी बसवली तर मस्तक झुकवून मूर्ती सहज खालून जाईल, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी नकार दिला. मान खाली घालणारा हुतात्मा मला नको. त्याऐवजी वाहणारे चौघेही एकदम गुडघ्यात वाकतील, मूर्ती सरळच खाली येईल, तारांखालून जाईल आणि पुन्हा वर उठेल. हे मैदानावर करून पाहिले तेव्हा वाकणारी माणसे आणि ताठ राहिलेली मूर्ती असे जे दृश्य दिसले, ते कोणत्याही बिजागरीने साधले नसते.

गर्दीला वेशभूषा देऊ नये, असे मला वाटते. यंत्रमागावर काम करणारे, विडी वळणाऱ्या स्त्रिया, महाविद्यालयातील मुले, जो ज्या कपड्यांत येईल त्या कपड्यांत येऊ दे. फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी असावी, स्त्रियांच्याही. सुरुवात गिरणीच्या भोंग्याच्या ध्वनिमुद्रणाने करू, कारण या शहराचा दिवस कितीतरी वर्षे त्याच आवाजाने सुरू झाला. मग हलगी. आणि गोळीबाराचा प्रसंग असा: हलगी मध्येच थांबते, सारी गर्दी जागच्या जागी स्तब्ध होते आणि त्या निश्चल माणसांमधून चार मूर्ती सावकाश पुढे सरकू लागतात. तोपर्यंत माणसे चालत होती आणि मूर्ती मागून येत होत्या, येथे ते उलटते. येथेच शिल्प आणि नाट्य खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळतात, असे मला वाटते, आणि येथेच मला तुझी सर्वाधिक गरज आहे. शेकडो माणसांना एका क्षणी थांबवणे आणि थांबलेले ठेवणे हे माझे शास्त्र नाही, तुझे आहे.

म्हणून मार्चच्या अखेरीस तालमी सुरू होतील तेव्हा तू यावेस. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा मिरवणूक सूर्यास्तानंतरच निघेल आणि कंदील की मशाली, हेही तुलाच ठरवायचे आहे. कागद आणि कोरे कापड यांच्याजवळ उघडी आग नको, एवढीच माझी अट आहे.

एका प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. शंकर शिवदारे यांचे काय करावे? ते फासावर गेले नाहीत, गर्दीतच गोळी लागून पडले. पाचवी मूर्ती केली तर ते गर्दीपासून वेगळे होतात, आणि गर्दीत एखाद्या मुलाला त्यांच्या नावाने पाडले तर मी ज्याला विरोध करतो आहे तेच घडते. गर्दीच्या मधोमध एक झेंडा असावा, स्तब्धतेच्या क्षणी तो खाली यावा आणि दुसऱ्या कोणीतरी उचलावा, इथवर माझा विचार आला आहे. पण उचलणारा आधीच ठरलेला असावा की त्या क्षणी ज्याला वाटेल त्याने उचलावा, याचा निर्णय मला करता येत नाही. तू काय करशील, ते लवकर कळव.

तुझा स्नेही

ता. क. मूर्ती वाहणाऱ्यांच्या खांद्यांखालच्या गाद्या कोणत्या मापाच्या कराव्यात, हे तुझ्या नेपथ्यकाराला विचारून त्याच पत्रात लिही.