पुलपीट म्हणजे अडगळ नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली सांगलीतल्या आमच्या चर्चच्या नूतनीकरणाची बातमी वाचली. रात्रभर ती डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. नवी फरशी, नवं वायरिंग, भिंतभर एलईडी स्क्रीन, सगळं तुमच्या बातमीदारानं कौतुकानं लिहिलंय. कामाला माझा विरोध नाही, देणगीच्या यादीत आमच्या घरचंही नाव आहे. पण ‘जुने अडगळीचे सामान हटवून प्रशस्त मंच उभारण्यात आला’ हे वाक्य छापण्यापूर्वी, ती अडगळ म्हणजे काय, हे मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एखाद्या जुन्या माणसाला विचारायला हवं होतं. ती अडगळ म्हणजे आमचं पुलपीट आहे, पाळकांनी उभं राहून उपदेश करायचं उंच लाकडी पीठ.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीतले काही जण आता सांगतात की ते पुरातच कुजलं होतं. हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या चर्चमध्ये बाकांच्या पाठीपर्यंत पाणी होतं. बाकं फुगली, पेटी गेली, ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकाच्या प्रतींचा लगदा झाला. पुलपीट सागवानी, ते जागचं हललं नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही बायकांनी काथ्याच्या ब्रशनं त्याच्या खाचांतला गाळ काढला. मिरजेच्या सुतारानं तळाची एक फळी बदलली, पायऱ्या पुन्हा ठोकून दिल्या. त्यानंतर कितीतरी रविवार पाळकसाहेब त्यावरूनच बोलले. कुजलेल्या लाकडावर माणूस उभा राहू शकत नाही.

ज्यांनी ते आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवायची उतरती फळी हातांच्या घामानं कडेला काळी पडली आहे. तिच्याखाली, उपदेश करणाऱ्यालाच दिसेल अशा जागी, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ग्रीक लोकांची विनंती रंगवलेली आहे, आम्हाला येशूला भेटायचं आहे अशी. जगभरातल्या पुष्कळ पुलपिटांवर ती अशीच आतल्या बाजूला लिहिलेली असते. समोर बसलेल्यांना ती दिसत नाही. वर चढणाऱ्यानं मात्र तोंड उघडण्याआधी ती वाचायची असते. त्या जागेचा अर्थ मला यात सापडतो. तिथं उभा राहणारा माणूस स्वतःच्या मनातलं सांगायला आलेला नसतो, समोर उघडलेल्या ग्रंथातलं सांगायला आलेला असतो.

मी शाळकरी होते तेव्हाची एक गोष्ट आहे. सांगलीला तेव्हा नगरपालिका होती. कापणीच्या सणाला नगराध्यक्ष पाहुणे म्हणून आले आणि भाषणासाठी सरळ पुलपिटाच्या पायऱ्यांकडे निघाले. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब उठून त्यांच्या शेजारी गेले आणि नमस्कार करून म्हणाले, “साहेब, आपल्यासाठी खाली टेबल मांडलंय. वरून फक्त वचन सांगतो आम्ही.” नगराध्यक्ष मोठ्या मनाचे होते. ते टेबलापाशी उभे राहिले, चांगलं बोलले, टाळ्याही मिळाल्या. कुणाचा अपमान झाला नाही. संडे स्कूलची सहल, लग्नाची सूचना, लाइटबिलाची वर्गणी, हे सगळं पाळकसाहेब स्वतःही खालूनच सांगायचे आणि मग शास्त्र घेऊन वर जायचे. पुढं मंडळीत त्यांच्या बदलीचं राजकारण चाललं, तेव्हाही त्या वादाचा एक शब्द त्यांनी पुलपिटावरून काढला नाही. मागच्या रविवारी जिथं थांबले होते त्याच्या पुढचा उतारा घेतला. जिनिव्हानं १५३८ मध्ये हाकलून दिलेला धर्मसुधारक कॅल्विन १५४१ मध्ये परत आला, तेव्हा त्यानंही हेच केलं होतं. गावाकडून झालेल्या अन्यायावर भाषण दिलं नाही, पूर्वी सोडलेल्या ओवीच्या पुढून सुरुवात केली.

आता नव्या मंचाच्या उद्घाटनाला काय झालं ते ऐका. तुमच्या बातमीत ते आलेलं नाही. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम उपदेशापेक्षा लांबला. एका इच्छुक उमेदवारानं हातात माइक घेऊन आपल्या प्रभागातली कामं मोजून दाखवली. कमिटीतल्या एकानं जुन्या हिशेबावरून दुसऱ्याला चार शब्द सुनावले. आणि पवित्र शास्त्र ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ते स्पीकरच्या खोक्यावर ठेवलं होतं. त्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली. मी उठून ती उचलली, तर मागून आवाज आला, “मॅडम, बसून घ्या.” पुलपीट असतं तर यातलं काहीही घडलं नसतं. तिथं चढायला माणूस दहादा विचार करायचा.

माझी आई नव्वदीच्या घरात आहे. मिरजेला नर्सिंग करून निवृत्त झाली. तिला ऐकू कमी येतं, बोलणाऱ्याच्या ओठांवरून ती समजून घेते. पुलपीट उंच होतं, बोलणारा एका जागी उभा असायचा, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर यायचा. आता संदेश देणारे माइक घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात आणि पाठीमागच्या स्क्रीनच्या झगझगाटात त्यांचा चेहरा काळा दिसतो. मोठा स्क्रीन आहे म्हणावं, तर त्यावर फुलं आणि धबधबे. घरी आल्यावर आई मला विचारते, आज कुठला अध्याय होता? उंची कशासाठी असते ते विचारणाऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढून बघावा. लोकांची गर्दी झाली तेव्हा प्रभूनं शिमोनाचा मचवा किनाऱ्यापासून थोडा आत घ्यायला लावला आणि त्यात बसून शिकवलं.

पुलपीट हा गोऱ्या मिशनऱ्यांचा वारसा आहे, तो कशाला जपायचा, असं एका सदस्यांचं म्हणणं तुम्ही छापलंय. बायबलच्या जुन्या करारात, नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवायला लाकडी मंचावर उभा राहतो. तो मंच मुद्दाम त्याच कामासाठी केला होता आणि तिथं कुणी गोरा नव्हता. आणि आपल्याकडचं बघायचं तर कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहिला की घरच्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि वयानं मोठी माणसंही त्याच्या पाया पडतात. तो मान गादीचा असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन आणि अभंग आणले, अखेरच्या काळात शेजारच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. परकेपणा त्यांच्याइतका कुणाला टोचला असेल? देशी व्हायचं असेल तर त्यांच्या वाटेनं जाऊ या, मी पहिली टाळ घेईन. एलईडीची भिंत आणि धुराचं यंत्र आणून कुणी देशी होत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये मधोमध वेदी असते आणि वाचन व प्रवचन बाजूच्या पीठावरून होतं. त्यांची रीत त्यांच्या श्रद्धेतून आली. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनमधून उभी राहिली, म्हणून आमच्याकडे मध्यभागी पुलपीट आणि त्याच्या पुढ्यात खाली प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचं, टेबल. वचन आणि भोजन एका रेषेत. चर्चमध्ये पाऊल टाकणाऱ्या अडाणी माणसालाही न सांगता कळायचं की इथं मुख्य काय आहे. आज मध्यभागी ड्रमसेट आहे आणि टेबल एका खांबाआड गेलंय. मुलांनी वाद्यं जरूर वाजवावीत. ती डाव्या बाजूला बसतात, पूर्वी पेटी-तबला तिथंच असायचा.

जाता जाता तुमच्याबद्दलही. बातमी सांगलीची आणि सोबत फोटो पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचा! गेल्या नाताळातही तुम्ही हेच केलं होतं. तुमच्या कचेरीपासून आमचं चर्च रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. वर्षातून एकदा, २५ डिसेंबरला, मेणबत्त्यांचा फोटो काढायला तुमचा माणूस येतो. बाकी वर्षभर आमची आठवण होत नाही, आणि झाली की ती अशी.

पुलपीट सध्या पाळकनिवासामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या पोत्यांशेजारी उभं केलंय. शेडची एक बाजू उघडी आहे आणि मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत. ते आधी आत घ्यावं. काढण्याचा निर्णय कोणत्या सभेत झाला, मंडळीला कधी विचारलं, हे सांगावं आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ते पुन्हा जागेवर बसवण्याचा विषय घ्यावा, असं लेखी पत्र मी सचिवांना दिलं आहे. त्याची पोच अजून मिळालेली नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली