ऊस वाहणाऱ्या बैलांच्या निवेदनाविषयी मुलीस पत्र

सोलापूर,
दि. ८ डिसेंबर

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऊस वाहणाऱ्या बैलांच्या हालांबद्दल तू पाठवलेला निवेदनाचा मसुदा वाचला आणि सोबतचे चित्रीकरणही दोनदा पाहिले. पशुवैद्यकीय दवाखान्यात सारी नोकरी काढलेल्या माणसाला त्यात नवे काही नाही. तरीही डांबरावर पाय घसरून गुडघ्यांवर आलेला तो बैल आणि त्याची शेपटी पिरगाळून त्याला उठवणारा गाडीवान पाहून जेवणावरची वासना उडाली. तुम्ही मुलांनी हा विषय हाती घेतला हे योग्यच केले. पण मसुदा आहे तसा जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ नकोस, आणि असे का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो.

चित्रीकरणात गाडीवानाचा हात दिसतो, म्हणून मसुद्यातला सगळा राग त्याच्यावर निघाला आहे. त्या हातामागे कोण कोण उभे आहे ते पाहा. साखर कारखाना ऊसतोडणी-वाहतुकीचा करार करतो, मुकादम टोळी आणतो, बीडकडचा किंवा नगरकडचा माणूस दिवाळीआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, कित्येकदा त्याच उचलीतून बैलजोडी विकत घेतो, आणि मग हंगामभर ती उचल फेडण्यासाठी बायकोसह फडात राबतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. दोन खेपांचा ऊस एका खेपेत नेला तर त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि हे गणित त्याने मांडलेले नाही. त्याने बैलाला मारले तर ते चूकच आहे, त्यावर पांघरूण घालावे असे मी म्हणत नाही. परंतु जबाबदारी निश्चित करा अशी मागणी करणाऱ्यांनी सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसापाशी थांबू नये. तसे झाले तर त्याची गाडी अडकेल, कारखाना दुसरी गाडी लावेल आणि बैलाच्या मानेवरचे ओझे तसेच राहील.

कायदाही त्याच्यापाशी थांबत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचे कलम ११ काढून वाच. मारणे, अति पळवणे, अति ओझे लादणे हे करणारा जसा त्यात दोषी आहे, तसाच ते करायला लावणारा आणि ते होऊ देणारा मालकही आहे. मसुद्यात या 'करायला लावणाऱ्या'चा उल्लेखच नाही. हेच कलम किती दुबळे आहे तेही ध्यानात ठेव: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. अति ओझ्याचा गुन्हा दखलपात्र नसल्याने पोलीस ठाण्यात 'एनसी', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून बोळवण होण्याची शक्यताच अधिक. जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू शकते आणि त्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तुमच्या चित्रीकरणातला बैल मात्र शेवटी उठून चालताना दिसतो. आणखी एक गोष्ट तुझ्या मसुद्यात पूर्णपणे राहून गेली आहे. कलम ३६ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर पुढे तो करताच येत नाही. हे चित्रीकरण कोणत्या दिवशीचे आहे? या हंगामातले की मागच्या? ज्याने ते केले त्याच्याकडून मूळ फाइल घे. चार जणांकडून फिरत आलेल्या प्रतीवरून तारीख सिद्ध होत नाही.

आता खरा मुद्दा, वजनाचा. १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांत बैलांचे वजनाप्रमाणे तीन गट आहेत: २०० किलोपर्यंतचा लहान, ३५० पर्यंतचा मध्यम आणि त्याहून अधिक वजनाचा मोठा. बॉल बेअरिंग बसवलेल्या दोनचाकी गाडीला एका बैलामागे लहानाला १०००, मध्यमाला १४०० आणि मोठ्याला १८०० किलो अशी मर्यादा आहे आणि जोडीला ती दुप्पट धरतात. म्हणजे चांगल्या थोराड खिलार जोडीला ३६०० किलोपर्यंत ओढायला लावणे कायद्याला मान्य आहे. हे तुला पटणार नाही, मलाही ते जास्तच वाटते. पण त्याचा अर्थ असा, की रस्त्यावर डोंगरासारखी दिसणारी गाडी नियमात बसू शकते आणि हडकुळ्या जोडीची अर्धी भरलेली गाडी नियमाबाहेर असू शकते. 'क्षमतेच्या कितीतरी पट ओझे' हे तुझे वाक्य म्हणूनच टिकणार नाही. कारखान्याचा वकील पहिल्याच तारखेला विचारील, कोणाची क्षमता आणि किती पट?

याचे उत्तर कारखान्याच्याच दप्तरात आहे. उसाची प्रत्येक गाडी काट्यावर भरलेली तोलली जाते, कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस पडल्यावर रिकामी तोलली जाते आणि दोन्ही वजने गाडीच्या क्रमांकासह नोंदली जातात, कारण शेतकऱ्याचे बिल आणि वाहतुकीचे पैसे त्यावरच निघतात. दगड-माती वाहणाऱ्या गाडीबद्दल असा पुरावा आपल्याला कधीच मिळाला नसता. इथे तर जास्त ओझ्याचा आरोप ज्याच्यावर आहे तोच प्रत्येक खेपेचे वजन लिहून ठेवतो! तेव्हा निवेदनाची पहिली मागणी अमुक गाडीवानाला पकडा ही नसावी. बैलगाड्यांच्या वजनाच्या नोंदी प्रादेशिक साखर सहसंचालकांनी मागवून तपासाव्यात, ही असावी. १९६५ च्या त्याच नियमांप्रमाणे हवालदार किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी संशय आल्यास गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, हेही त्यात लिही.

बैलाच्या वजनाची अडचण येईल, कारण बैल कोणी तोलत नाही. त्यावर आम्ही दवाखान्यात टेप वापरत असू. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचे आणि ३०० ने भागायचे, की वजन पौंडांत येते. सत्तर इंच घेर आणि पंचावन्न इंच लांबीचा बैल साधारण ४०० किलोंचा भरतो. हा अंदाज आहे हे स्पष्ट लिहावे. अंदाज म्हणून दिलेला आकडा लपवलेल्या अंदाजापेक्षा कधीही बरा.

तुमची मुले केनयार्डाबाहेर, म्हणजे कारखान्यात उसाच्या गाड्या थांबतात त्या आवाराबाहेर, नोंदी करायला जाणार असतील तर त्यांना नुसते फोटो काढत हिंडू देऊ नकोस. आधी मान पाहावी. जू जिथे टेकते तिथे खांदेसूज असेल तर हाताला ती जागा गरम आणि टणक लागते, बैल हात लावताच कातडी थरथरवतो आणि मान खाली घालतो. जुनी असेल तर केस जाऊन कातडी जाड झालेली असते, आणि फुटलेली असेल तर माशा बसतात. अशा खांद्यावर जू ठेवणे हा ओझ्याहून वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे, कारण जखमी जनावराला कामाला जुंपण्यास कलम ११ मध्येच बंदी आहे. मग खूर आणि खुराला ठोकलेली लोखंडी पत्री पाहावी. पत्री झिजली की डांबरावर पाय घसरतो, आणि मला वाटते, तुमच्या चित्रीकरणातही तेच झाले असावे. पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, आर (टोकदार खिळा) आहे का हे बघावे, कारण टोकदार काठीला १९६५ च्या नियमांत मनाई आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि गाडीवर रंगवलेला क्रमांक हवा. गाडीवानाचा चेहरा नको. आणि त्याला विचारल्याशिवाय बैलाला हात लावायचा नाही. नीट विचारले तर तोच तुम्हाला खांदा दाखवील, आणि आपला बैल का सुजला हे तुमच्यापेक्षा चांगले सांगील.

कारखान्याला आधी लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्या आणि उत्तराला मुदत द्या. उत्तर येईपर्यंत निवेदनात 'आरोप' हाच शब्द राहू दे. गाडीची रांग केनयार्डात तासन्‌तास उभी राहते आणि तेवढा वेळ बैल जुवाखालीच असतात असे तू लिहिले आहेस. ते खरे असेल तर नंबर लागेपर्यंत बैल सोडण्याची जागा, सावली आणि पाण्याचा हौद मागा. १९६५ च्या नियमांप्रमाणे दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपता येत नाही. आपल्याकडे हंगाम मार्चात गेला की हा नियम रोजच लागू होतो, आणि तो पाळलेला मी फारसा पाहिलेला नाही. इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी २०२२ मध्ये जुवाखाली आधाराचे फिरते चाक बसवून मानेवरचा भार कमी करण्याची युक्ती दाखवली होती. तसे काही बसवायचे तर त्याचा खर्च कारखान्याने करावा, असेही सुचवता येईल. मात्र मर्यादेवरच्या उसाचे पैसे कापा अशी मागणी चुकूनही करू नका. ते पैसे गाडीवानाच्याच खिशातून जातील. त्याऐवजी कमी भरतीच्या खेपेला वाहतूक दर वाढवून द्यावा असे म्हणा.

आपल्या जिल्ह्यात कारखाने तीसहून अधिक आहेत आणि त्यातले बरेचसे कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याचे आहेत, त्यामुळे तुमच्यामागे कोण आहे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल. म्हणून एकाच कारखान्याचे नाव घेऊन थांबू नका. निदान तीन-चार ठिकाणच्या नोंदी जोडा. दुसरीकडे, गाड्या अडवून माणसांना दमदाटी करणारी मंडळीही तुम्हाला येऊन मिळतील. त्यांना दूर ठेव. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असावी असा २००१ चा नियम आहे; तिची शेवटची बैठक कधी झाली हे माहितीच्या अधिकारात विचार, त्याला दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

दुरुस्त केलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. आमच्या दवाखान्याचे निवृत्त डॉक्टर शुक्रवारी घरी येणार आहेत. खांदेसुजीचा परिच्छेद त्यांच्याकडून तपासून घेतो आणि ते तयार असतील तर त्यांची सहीही घेतो. तुझ्या आईने शेंगाचटणी भरून ठेवली आहे, ती कोणाच्या हाती पाठवायची ते कळव.

तुझे,
अण्णा