बापू, यंदा पाणपोई लागली नाही

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

आखाजीला तुझा मेसेज आला, त्यावर नुसता अंगठा टाकून मी गप्प बसलो, रागावला असशील. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच "अरे सोड ना भो" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, आणि हा विषय मला सोडायचा नाहीये. म्हणून लिहायला बसलो. तब्येत ठीक, शुगर कंट्रोलमध्ये, आईचे गुडघे तसेच.

तर यंदा स्टँडवर पाणपोई लागली नाही. मे संपत आला, पारा ४४ च्या खाली यायचं नाव घेत नाही, केळीची पानं कडेने करपलीत, आणि पिंपळाखालचा तो ओटा कोरडा ठणठणीत. दुष्काळाच्या वर्षी सुद्धा तुझ्या आजोबांनी, आपल्या आबांनी, टँकरवाल्याच्या हातापाया पडून रांजण भरलेले आपण बघितलेत. ह्यावेळी पाण्याची अडचणच नाही. भांडण बोर्डाचं आहे.

तुझ्या चुलतभावाचं मंडळ म्हणालं पाणपोई आम्ही लावणार, वर आमचा बोर्ड, देवाचा फोटो. तोपर्यंत चाचांच्या थोरल्याने वर्गणी काढून थंड पाण्याचा कूलर आणलेला, चाचांच्या नावाने, त्यावर मोठ्या अक्षरात सबील लिहिलेलं, म्हणजे मुसलमानांकडची पाणपोईच. मग हे म्हणाले आमच्या देवाच्या फोटोखाली ते नको, ते म्हणाले तुमच्या फोटोखाली आम्हालाही ठेवायचा नाही, मीटिंग झाली, आवाज चढले, मोठ्या माणसांनी "आधी आपसात मिटवा" म्हणून हात झटकले. आता कूलर गोडाऊनमध्ये खोक्यात पडलाय आणि आबांचे रांजण मंदिरामागे पालथे. आणि गंमत बघ, ह्या दोघांनी लहानपणी त्याच रांजणातलं पाणी एकमेकांच्या अंगावर उडवून आबांच्या शिव्या खाल्ल्यात, सोबत तू पण होतास, आणि आबांनी धरलं तेव्हा पहिला पळालेला तूच.

मागच्या बाजाराच्या दिवशी दुपारी चोपड्याची गाडी लेट होती. सातपुड्याकडची एक पावरा बाई, कामावरून परत निघालेली, कडेवर पोर. ती सरळ ओट्यापाशी गेली, सवयीने रे, दर वर्षी उतरत असेल इथे, आणि वाकून ओंजळ पुढे केली, मग रांजण नाही हे बघून तशीच उभी राहिली. हॉटेलवाल्याने बाटली दाखवली, वीस रुपये. मी दुकानातून तांब्या घेऊन गेलो. पोराने दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि श्वास घ्यायला पण थांबलं नाही, पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून उघड्या पोटावर.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे तिवईवर माठ ठेवला. ओलं गोणपाट गुंडाळलं, ओगराळं साखळीने बांधलं, आबा बांधायचे तसं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची माणसं येऊन गेली आणि दोन्हीकडून एकच प्रश्न, "हा माठ कोणातर्फे?" बापू, मला तिथल्या तिथे भरून आलं. घरी सांगितलं तर बायको म्हणते कशाला मनाला लावून घेता. हे तुलाच कळणार म्हणून तुला लिहितोय.

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरातलं व्याख्यान ऐकून येताना बोरीच्या पुलावर आपलं जोरात भांडण झालेलं, आठवतं ना. तू म्हणायचास सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. मी म्हणालो अजिबात नाही, जैन आणि बौद्ध जग घडवणारा देवच मानत नाहीत, मुसलमान एका अल्लाशिवाय कोणापुढे झुकत नाही, ख्रिस्ती माणूस येशूलाच देवाचा पुत्र मानतो, आपण पुनर्जन्म धरून बसलोय आणि ते कयामतचा दिवस धरून, हे सगळं एक कसं? तू चिडून पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. मी आजही तेच म्हणतो. ज्याला आपला धर्म मनापासून प्रिय आहे त्याला "सगळं सारखंच" म्हणणं म्हणजे त्याचं न ऐकताच मान डोलावणं. पण ह्या महिन्यात रात्री झोप लागत नव्हती तेव्हा जुनं काय काय वाचत बसलो, आणि वर कोण आहे, मेल्यावर काय होतं ह्यावर कधीच एकमत न होणारी ही सगळी मंडळी तहानलेल्या माणसापाशी आली की एकाच जागी येऊन उभी राहतात, हे मला असं कधी दिसलं नव्हतं.

बघ ना. भिक्खू आनंद विहिरीवरच्या मुलीकडे पाणी मागतो, ती म्हणते मी मातंगाची पोर, तर तो म्हणतो मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितलं. आता बायबल काढ, योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसलाय आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय, ती चकित होते, तू यहुदी, माझ्याकडे कसं मागतोस? दोन वेगळे देश, वेगळा काळ, आणि दोन्हीकडे मोठा माणूस हात पुढे करतोय तो जिच्या हातचं चालत नाही म्हणतात तिच्यापुढे. मी हे वाचून किती वेळ नुसता बसून होतो. यहुद्यांच्या पोथीतली रिबेका अनोळखी मुसाफिराला पाणी देते आणि मग कोणी न सांगता त्याच्या दहा उंटांना पण, विहिरीवरून पाणी आणून आणून, उंट किती पाणी पितो विचार कर. हदीसमध्ये तो माणूस आहे, तहानलेल्या कुत्र्यासाठी परत विहिरीत उतरतो, चामडी मोज्यात पाणी भरून तो दातात धरून वर चढतो, आणि तेवढ्यावर अल्ला त्याला माफ करतो. आपले नाथ महाराज काशीची कावड रामेश्वरासाठी नेत होते ती वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आबा रांजण भरताना सांगायचे. आणि शिखांचे भाई कन्हैया आनंदपूरच्या लढाईत शत्रूच्या जखमींना पण पाणी पाजत फिरले, तक्रार झाली तर गुरु गोविंदसिंगांना म्हणाले मला सगळ्यांत तुम्हीच दिसता, गुरूंनी उलट मलमाची डबी हातात दिली, जखमा पण बांध म्हणून.

आणि चाचांची सबील. करबलाला इ.स. ६८० मध्ये इमाम हुसेनच्या माणसांचं पाणी फुरात नदीच्या काठावर तोडलं, लहान पोरं तहानेने व्याकुळ, त्याच्या आठवणीत मोहरमला येणाऱ्या जाणाऱ्याला पाणी, सरबत पाजायचं. आपण प्यायचो ना चाचांच्या दारात, तू तर परत परत रांगेत शिरायचास, चाचा ओळखून पण ग्लास भरायचे. आता त्याच नावावरून पाणी अडलंय.

तू म्हणशील मग माझंच खरं ठरलं. नाही रे. पोथ्यांमध्ये हे असून सुद्धा पाणी नाकारणारे पण पोथीच पुढे करत होते. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ ला केला, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि पाणी प्यायल्याबद्दल त्या लोकांना मार बसला. लांब कशाला, आपल्याच ओट्याला बाहेरच्या अंगाने पन्हळ होती, काही लोकांना लांबून पाणी सोडायला. आबांनी ती स्वतः घणाने फोडली, तुझी आजी म्हणायची ना, "तिस लागेल मानूसले जात इचारानी नही." आबांना त्यासाठी भाऊबंदकीत किती ऐकून घ्यावं लागलं ते तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे चांगलं वचन सगळ्यांकडे आहे, पण ते खरं करायला कोणाला तरी आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागतो, दर पिढीत, नव्याने. तुझं "सगळे एकच" इथेच कमी पडतं.

छोटीच्या शाळेत सर्वधर्मसमभावावर भाषण आहे, मुद्दे मागत होती. तिला धुळ्याच्या जेलचं सांगितलं, १९३२ साली विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता सांगायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे, आणि तेच विनोबा पुढे अरबी शिकून मूळ कुराण वाचत बसले. दुसऱ्याचं त्याच्याच भाषेत समजून घ्यायचं आणि स्वतःचं पण सोडायचं नाही, मला हे पटतं. पोरीने विचारलं, मग आपल्या गावात पाणपोई का बंद आहे? मी काय सांगणार होतो तिला.

तर काम असं आहे. चुलतभाऊ माझं ऐकत नाही, म्हणतो तुम्ही त्यांच्या बाजूचे. चाचांचा थोरला पण तेच म्हणतो, फक्त उलटं. दोघं तुला मानतात. ओटा तुझ्या आजोबांचा, जागा तुमच्या नावावर, तू शब्द टाकलास तर दोघांना नाही म्हणता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की रांजण पण राहू दे, कूलर पण राहू दे, फोटो पण लावा, सबील पण लिहा, दोन्ही शेजारी शेजारी, नावं पुसायला कोणालाच सांगू नका. ज्याला जे प्यायचं ते पिऊ दे. पाऊस येईपर्यंत अजून बरीच माणसं उतरायची आहेत त्या स्टँडवर.

तुझं सुरतेचं काय, कारखाना परत सुरू झाला का? वहिनींची बीपीची गोळी चालू आहे ना, आणि धाकट्याचा निकाल लागला की कळव. कानबाईला रोटांसाठी येशीलच, तेव्हा भरीत-कळण्याची भाकरी माझ्याकडे. पण फोन त्याच्या आधी कर, चुलतभावाला आजच रात्री कर, नऊनंतर तो मंडळात जाऊन बसतो आणि तिथे चारचौघांत तो तुझं पण ऐकणार नाही.

तुझाच,
अण्णा