आठ मिनिटांचा पेशंट

मँचेस्टर,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

पास झालो बे! दुसऱ्या खेपेला का होईना, प्लॅबचा, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेचा, दुसरा भाग सुटला. आईला फोन केला तर म्हणाली, "मग नोकरी कधी?" त्याचं उत्तर पुढे देतो, तेवढं सुखाचं नाही.

काकांना एकदा नीट समजावून सांग. ते सगळ्यांना विचारत फिरतायत की जीएमसी, म्हणजे आपलं सरकारी मेडिकल कॉलेज, तर हा नागपूरलाच पास झाला होता, मग पुन्हा कशाला बसला? इथली जीएमसी म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिल, डॉक्टरांची नोंदणी करणारी. त्यांच्या वयाचे काही डॉक्टर नुसत्या एमबीबीएसवर इकडे आले आणि इथेच रिटायर झाले. १९७५ साली आपल्या पदवीवर थेट पूर्ण नोंदणी मिळणं बंद झालं, तेव्हापासून अशी परीक्षा आपल्या मागे लागली.

तू पेपरची काळजी करतोयस, ती सोड. पहिला भाग म्हणजे तीन तासांत १८० एमसीक्यू, म्हणजे पर्यायी प्रश्न, मुंबईत बसूनही देता येतो. नीट-पीजीचा अभ्यास केलेल्याला ते जड नाही. फक्त आपण रट्टा मारतो तसल्या दुर्मिळ सिंड्रोमपेक्षा 'आता सगळ्यात आधी काय करशील' हे जास्त विचारतात. त्याआधी इंग्रजीची परीक्षा काढून टाक. मी ओईटी दिली, ती खास डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षा. त्यात केसनोट्स वाचून रेफरल लेटर, म्हणजे पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं पत्र, लिहायचं असतं, आणि आपली गाडी तिथेच अडते. आपल्याला चिठ्ठीवर 'प्लीज डू द नीडफुल' लिहायची सवय!

खरा घोळ दुसऱ्या भागाचा. तो फक्त इथे मँचेस्टरमध्येच होतो. सोळा खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं. दाराबाहेर दीड मिनिट कागद वाचायचा, घंटा वाजली की आत. आत नट बसलेला असतो पेशंट होऊन, आणि कोपऱ्यात परीक्षक गप्प. गेल्या वर्षी मी अगदी आपल्या ओपीडीच्या झपाट्यात उरकलं. निदान बरोबर, औषधं बरोबर, आणि निकाल नापास. मार्कांचे तीन भाग असतात. माहिती काढण्यात आणि उपचारात मी ठीक होतो, पेशंटशी बोलण्यात मात्र पार आडवा. महिनाभर मी परीक्षकांना शिव्या घातल्या. साहेबी नाटक आहे, गोड बोलायची परीक्षा आहे, वगैरे.

या खेपेला आम्ही चौघांनी एक खोली भाड्याने घेतली. मी, केरळचा एकजण, एक सुदानचा आणि लाहोरची एक मुलगी. रात्री जेवणं झाली की आळीपाळीने पेशंट व्हायचं. एकदा ती आई झाली, पोराचा घसा दुखतोय म्हणून अँटिबायोटिक मागायला आलेली. मी पाच-सहा मिनिटं व्हायरल म्हणजे काय हे समजावलं. स्वतःवरच खूश होतो. मोबाइलचा गजर वाजला तशी ती पाय वर घेऊन म्हणाली, "तूने ये तो पूछा ही नहीं कि मैं डर किस बात से रही हूँ." तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं की बहिणीचं मूल असंच साध्या खोकल्याने सुरू होऊन न्यूमोनियाने गेलं. मी विचारलं असतं तर ती सांगणार होती. मी विचारलंच नाही. सुदानी पातेलं घासता घासता हसत होता.

त्या रात्री मला तुझी मेळघाटातल्या धारणीची ओपीडी आठवली. पोराला कडेवर घेतलेली बाई "सुई द्या" म्हणते, आणि मागे ऐंशीजण उभे असतात. तिथे 'तुम्हाला कसली भीती वाटते' विचारायला आठ मिनिटं कुठून आणायची? त्यामुळे इथली पद्धत थोर आणि आपली खोटी असं मी म्हणणार नाही. पण एक वाक्य विचारायला दहा सेकंद लागतात, ते मी इंटर्नशिपमध्ये एकदाही विचारलं नव्हतं. तू विचारायचास बहुतेक. तिथली कोरकू भाषा येत नसतानाही.

आता पैसे आणि नोकरी. पहिल्या भागाची फी अडीचशे पौंडांच्या वर, दुसऱ्याची हजाराला टेकलेली. वर व्हिसा, तिकीट, भाडं, आणि माझं हे सगळं दोनदा. नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही, आणि हे मला आधी कुणी ठणकावून सांगितलं नाही. सकाळी लागलेली जाहिरात दुपारी बंद झालेली असते, इतके अर्ज येतात. आधीच्या बॅचमधले दोघे-तिघे हातात नोंदणी असून वर्षभर घरी बसलेत. त्यात जुलै २०२५च्या आरोग्य योजनेत सरकारने सांगून टाकलंय की स्पेशालिटी ट्रेनिंगमध्ये, म्हणजे आपल्या पीजीसारख्या जागांवर, इथे शिकलेल्यांना आधी घेणार. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं म्हणा.

तेव्हा सरकारी सेवेचा बाँड पूर्ण कर, पगार चालू असताना पहिला भाग दे, पण कर्ज काढू नकोस आणि पीजीची सीट मिळाली तर ती सोडून येऊ नकोस. पहिला भाग झाला की दुसऱ्यासाठी दोन वर्षं मिळतात, तेवढ्यात काय ते चित्र दिसेल. अमेरिकेचं विचारलंस, तर तिथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२पासून नुसता पास-नापास झालाय, सगळा भार स्टेप टूच्या स्कोअरवर. खर्चाचं तर नावच काढू नकोस.

माझा व्हिसा पाहुण्याचा आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात परत येतोय. अर्ज नागपुरातूनही करता येतात. दिवाळीआधी दोन दिवस धारणीला येतो, तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसू दे. परतवाड्याहून पुढची बस मला कधीच कळली नाही, तेवढा घ्यायला ये.

तुझा,
अभय