ना हेसोक: आधी तिचे लिखाण वाचा

महोदय,

कोरियन चित्रकार-लेखिका ना हेसोकचा (1896–1948) विषय निघाला की पॅरिसमधले प्रेमप्रकरण, 1930चा घटस्फोट आणि सोलच्या रुग्णालयात बेवारस आलेले मरण, एवढ्यातच तिला गुंडाळले जाते. लेखिका राहते बाजूला.

सुरुवात 1918च्या ‘क्योंगही’ कथेपासून करावी. टोकियोतल्या कोरियन विद्यार्थिनींच्या नियतकालिकात ती छापली गेली. ना हेसोक तेव्हा तिथेच तैलचित्रकला शिकत होती. नायिका सुट्टीत घरी येते आणि बायकांची कुजबुज सुरू होते: शिकून मुलगी काय दिवे लावणार? ना हेसोक यावर भाषण ठोकत नाही. क्योंगही मशीनवर कपडे शिवते, खळ शिजताना चुलीत जाळ सारते, माळा आवरते. शिकली की मुलगी कामचुकार होते, या आक्षेपातली हवाच निघून जाते. (हा आक्षेप आपल्याकडेही काही कमी चालला नाही.) मग बड्या घरचे स्थळ येते. ती बापाला नकार देते आणि नंतर एकटी पडल्यावर भीतीने गळाठते. कथेचा सारांश सांगताना नेमकी ही भीतीच गाळली जाते. मग उरतो तो निव्वळ प्रचार.

1919च्या मार्चमधील जपानी सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्य आंदोलनात तिने सुमारे 5 महिने तुरुंगवास भोगला. 1923मध्ये तिने आईपणावर लिहिले: मूल म्हणजे आईच्या अंगाचे लचके तोडणारा राक्षस, माया उपजत नसते, वाढवता वाढवता जडते. एका पुरुषाने टोपणनावाने झोडपले, तर तिने त्यालाही छापील उत्तर दिले.

घटस्फोटाची कैफियत आली ती 1934च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, ‘सामचल्ली’ मासिकात, दोन हप्त्यांत. पुरुष स्वतः पाळत नाहीत ते पावित्र्य बायकांकडून का मागतात, हा तिचा सवाल. तेव्हाच्या कायद्याने व्यभिचारासाठी खटला भरता येई तो बायकोवर. नवऱ्याच्या बाहेरख्यालीला ते कलम लागू नव्हते. त्याच सप्टेंबरात तिने पॅरिसमधल्या त्या प्रियकरावर, छे रिनवर, नुकसानभरपाईचा दावा लावला. हा 1919च्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या 33 जणांपैकी एक, पण एव्हाना जपानी सत्तेच्या कच्छपी लागलेला. लोक बिथरले ते बाईने हे सगळे चव्हाट्यावर मांडले म्हणून.

आणि ‘पहिली आधुनिक कोरियन लेखिका’ हे बिरुद तिला चिकटवू नये. किम म्योंगसून या लेखिकेची कथा 1917 सालीच प्रसिद्ध झाली होती.

— कोरियन साहित्याचे काही अभ्यासक, पुणे