गणपतीची नोट सगळ्यांना माहीत, तिथली मतमोजणी कुणाला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुस्लिम बहुसंख्य देशात लोकशाही रुजूच शकत नाही, ते त्यांच्या रक्तातच नाही, असं एका वाचकाचं पत्र तुमच्याकडे छापून आलं. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. त्यांनी अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान ही नावं घेतलीत, आणि तिथे जे चाललंय ते वाईटच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण अख्ख्या पत्रात इंडोनेशिया एकदाही नाही. २८ कोटींच्या आसपास लोकसंख्या, त्यात शंभरातले ८७ मुसलमान, एवढा मोठा देश सोडून हा निष्कर्ष कसा काय काढता येतो?

आपल्याला इंडोनेशिया म्हटलं की व्हॉट्सॲपवरची ती २०,००० रुपियाची गणपतीची नोट आठवते. नोट खरी आहे, पण १९९८ सालची आहे आणि चलनातून जाऊन बरीच वर्षं झाली. गणपतीच्या बाजूला ज्यांचा फोटो आहे ते की हाजार देवांतारा, शाळा काढणारा माणूस, १९१३ मध्ये डचांवर टीका करणारा लेख लिहिला म्हणून त्यांना हद्दपार केलं होतं. आणि ज्या वर्षाची ती नोट त्याच वर्षी, १९९८ च्या मे महिन्यात, तिथे काय झालं ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. डॉलरला साधारण अडीच हजार रुपिया असायचा तो वर्षभरात दहा हजारांच्या पार गेला, तेल-तांदूळ महाग, पोरं रस्त्यावर आली, १२ मे ला जकार्त्यात त्रिसक्ती विद्यापीठात गोळीबारात ४ विद्यार्थी गेले, मग दंगली पेटल्या, त्यात चिनी वंशाच्या लोकांची दुकानं-घरं जाळली, खूप माणसं मेली, आणि २१ मे ला ३२ वर्षं खुर्चीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. पुढच्याच वर्षी जूनमध्ये निवडणूक, ४८ पक्ष उभे. १९९९ ते २००२ मध्ये राज्यघटना ४ वेळा दुरुस्त केली, राष्ट्राध्यक्षाला जास्तीत जास्त दोनच टर्म, २००३ मध्ये घटना न्यायालय आलं, २००४ मध्ये संसदेतल्या लष्कराच्या राखीव जागा गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मताने निवडायला लागले. २००२ मध्ये काही पक्षांनी घटनेत शरियत घालायची मागणी केली होती, ती पडली. आणि विरोध करणाऱ्यांत कोण होतं, तर नहदलतुल उलमा आणि मुहम्मदिया, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या दोन मुस्लिम संघटना, कोट्यवधी सभासद, स्वतःच्या शाळा, स्वतःचे दवाखाने. धर्म सरकारच्या हातात गेला की धर्माचंच नुकसान होतं हे त्यांना कळत होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, निवडणूक ड्यूटी किती केल्या ते आता आठवत पण नाही, केंद्राध्यक्ष म्हणून रात्र-रात्र जागलोय, त्यामुळे मतदान केंद्र दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. २०१९ मध्ये भाच्याकडे गेलो होतो, तो पश्चिम जावात सूतगिरणीत नोकरीला आहे, आणि नेमकी १७ एप्रिलला त्यांची निवडणूक. गल्लीच्या तोंडाशी मांडव घातलेला, लग्नाला घालतात तसा. बटण नाही, शिक्का नाही, दोरीला खिळा बांधलेला, त्याने उमेदवाराच्या चित्रावर भोक पाडायचं आणि मग बोट शाईत बुडवायचं. दुपारी एकला मतदान बंद, आणि मोजणी तिथेच, त्याच मांडवात, सगळ्या गल्लीसमोर. एक जण पेटीतून मतपत्रिका काढणार, उलगडून उजेडात वर धरणार म्हणजे भोक सगळ्यांना दिसेल, मोठ्याने नाव घेणार आणि ओरडणार "साह!" म्हणजे वैध. दुसरा भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रेघ मारणार, पाचाची एक जुडी, आपण शाळेत मारायचो तशीच. कडेवर पोर घेतलेल्या बायका, म्हातारी माणसं, शाळेची मुलं उभी राहून बघतायत, रेघ चुकली तर मुलंच ओरडतायत. मी संध्याकाळी घरी आलो, मोजणी मध्यरात्रीनंतर पण चालूच होती, एकेकाच्या पाच पाच मतपत्रिका होत्या ना. त्या निवडणुकीत कामाच्या ताणाने देशभरात शेकडो निवडणूक कर्मचारी दगावले हे नंतर कळलं तेव्हा मला रडू आलं, कारण तो ताण मी अंगावर घेतलाय. रक्तात लोकशाही नाही असं या माणसांना कोण म्हणणार?

२०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रबोवो सुबियांतो, माजी जनरल आणि सुहार्तोचा एकेकाळचा जावई, साधारण ४७ टक्के मतं घेऊन जोको विदोदोंकडून हरले आणि निकाल मान्य नाही म्हणाले. निवडणूक आयोगाने प्रत्येक केंद्राच्या मोजणीच्या तक्त्याची स्कॅन प्रत इंटरनेटवर टाकलेली होती, सामान्य लोकांनी घरी बसून ते आकडे जोडले आणि बेरीज जुळली. प्रबोवो कोर्टात गेले, घटना न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला, देश पुढे गेला.

माझं सगळं म्हणणं याच जागी आहे. 'नाही' म्हणणारा कोणीतरी पाहिजे आणि त्याचं 'नाही' ताकदवान माणसाने ऐकलं पाहिजे. पाकिस्तानचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे पहिली संविधान सभा १९५४ मध्ये कुणा मौलवीने नाही, गुलाम मुहम्मद नावाच्या सनदी अधिकाऱ्याने, गव्हर्नर जनरल असताना, बरखास्त केली. सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान सिंधच्या कोर्टात गेले आणि जिंकले, पण वरच्या फेडरल कोर्टाने १९५५ मध्ये तो निकाल उलटवला. न्या. कॉर्नेलियस, ख्रिश्चन गृहस्थ, हे एकटेच विरोधात राहिले. लष्कराला पुढे जो रस्ता सापडला तो तिथून सुरू होतो असं माझं मत आहे.

ट्युनिशियात तर हातातोंडाशी आलेला घास गेला. २०११ मध्ये तिथला हुकूमशहा बेन अली पळाला, २०१४ मध्ये चांगली घटना केली, एन्नहदा या इस्लामी विचाराच्या पक्षाने निवडणूक जिंकलेली असून सरकार सोडलं कारण देशात तेढ वाढत होती. घटनेत घटना न्यायालय लिहिलेलं होतं, पण पक्षांच्या भांडणात त्याचे न्यायाधीशच कधी पूर्ण नेमले गेले नाहीत. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी, हे स्वतः घटनेचे प्राध्यापक, संसद गोठवली, आणि हे बेकायदा आहे हे सांगायला ते कोर्ट जागेवरच नव्हतं. नंतर एन्नहदाचे म्हातारे नेते राशिद घन्नुशी तुरुंगात गेले आणि त्यांच्या कट्टर विरोधक आबीर मूसी पण तुरुंगात गेल्या. मग यात दोष धर्माचा कसा म्हणायचा?

उलट सेनेगल बघा, ९० टक्क्यांच्या वर मुसलमान, पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर कॅथलिक, ते २० वर्षं होते. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली, घटना परिषदेने ते रद्द केलं, सालनी ऐकलं. विरोधी उमेदवार बासिरू फाये मतदानाच्या १० दिवस आधी तुरुंगातून सुटले आणि २४ मार्चला पहिल्याच फेरीत जिंकले.

आता दुसरी बाजू मी लपवणार नाही, कारण ती मलाच जास्त टोचते. निवडणूक रुजली म्हणजे उदारमतवाद रुजला असं नाही. जकार्त्याचे गव्हर्नर अहोक, चिनी वंशाचे ख्रिश्चन, यांच्या भाषणाची क्लिप २०१६ मध्ये फिरली, लाखोंचे मोर्चे निघाले, ते निवडणूक हरले आणि मे २०१७ मध्ये धर्मनिंदेसाठी २ वर्षांची शिक्षा झाली, सरकारी वकिलाने मागितली होती त्याच्यापेक्षा जास्त. अहमदिया या छोट्या मुस्लिम पंथावर हल्ले झालेत, आचे प्रांतात शरियतच्या नावाने फटके मारतात. हे चूक आहे, तिथल्या बऱ्याच मुसलमानांनी पण चूकच म्हटलंय. जे कोर्ट मी एवढं सांगतोय त्यानेच ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची अट अशी वाकवली की जोको विदोदोंचा ३६ वर्षांचा मुलगा प्रबोवोंच्या जोडीने उपराष्ट्राध्यक्षपदाला उभा राहू शकला, आणि मुख्य न्यायाधीश त्याच मुलाचे नात्याने काका. नैतिकता समितीने त्यांना मुख्य न्यायाधीशपदावरून काढलं पण निकाल तसाच राहिला, आणि तेच प्रबोवो आज राष्ट्राध्यक्ष आहेत.

मला वाटलं होतं की आता तिथल्या लोकांचा कोर्टावरचा विश्वास संपला. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच कोर्टाने प्रांतांच्या निवडणुकीत लहान पक्षांना उमेदवार देणं सोपं केलं आणि उमेदवारांच्या वयाची अट कडक ठेवली, ज्यात विदोदोंचा धाकटा मुलगा बसत नव्हता. दुसऱ्याच दिवशी संसदेने कायदा बदलून तो निकाल बाजूला सारायची तयारी केली. निळ्या पाटीवर गरुड आणि खाली 'आणीबाणीचा इशारा' असं चित्र मोबाईलवरून देशभर फिरलं आणि २२ तारखेला पोरं संसदेच्या दारात, कित्येक शहरांत, कोर्टाचा निकाल वाचवायला. भाच्याचा रात्री फोन आला, त्याच्या गिरणीतली काही मुलं सुट्टी टाकून गेली होती, दोघं अश्रुधुराने डोळे लाल करून परत आली, आणि संसदेने दुरुस्ती मागे घेतली होती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, कराड