रस्ता बंद होता, मान्य. पण...

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात एका वाचकांनी लिहिलंय की करोनात दोन वर्षं मॅरेथॉन नव्हती तेव्हा मुंबईचं काय अडलं, मग आता परत रविवारी पहाटेपासून रस्ते अडवून ही हौस कशाला. मी 15 जानेवारी 2023 ला मुंबई मॅरेथॉनमध्ये त्याच अडवलेल्या रस्त्यांवरून धावलो, म्हणून लिहितोय, जागा असली तर छापा.

अडलं का? माझं तरी अडलं. 19 जानेवारी 2020 ला हाफ, म्हणजे 21 किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, धावलो आणि मार्चमध्ये सगळं कुलूपबंद. 2021 गेलं, 2022 पण गेलं. मधे ते व्हर्च्युअल रनचं खूळ आलं, म्हणजे पैसे ऑनलाइन भरायचे, आपापल्या घराजवळ धावायचं, अंतर मोबाइल मोजणार आणि मेडल कुरियरने घरी. आमच्या सोसायटीची आतली फेरी साधारण 240 मीटरची, म्हणजे 21 किलोमीटरला 88 फेऱ्या! वॉचमनकाका पहिल्या वीसेक फेऱ्या मोठ्याने मोजत होते, मग त्यांचा चहा आला. 88 झाल्या तरी अॅप 19.6 वरच अडकलेलं, इतक्या छोट्या वळणांवर जीपीएस गंडतं हे मला नंतर कळलं, मग काय, गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत वेड्यासारखा येरझाऱ्या घालत बसलो, वरून तिसऱ्या मजल्यावरचे विचारतायत काही हरवलंय का. मेडल आलं ते बायकोने सॅनिटायझर मारून दोन दिवस बाल्कनीत ठेवलं. पुढे ते आत कधी आणलं, आणलं का, मला आठवत पण नाही.

आणि परवाचं सांगतो. डोंबिवलीहून अंधारात निघालो, रेल्वेने जादा लोकल सोडली होती, डब्यात जिकडे बघावं तिकडे छातीवर बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबराचा कागद, लावलेले लोक आणि बामचा वास. सगळ्या गटांत मिळून 55 हजारांच्या वर लोक होते म्हणतात. (त्यातले बरेच 5.9 किलोमीटरच्या ड्रीम रनचे, आणि कृपा करून त्याला पेपरात मॅरेथॉन लिहू नका, मॅरेथॉन म्हणजे 42.195, मी धावतो ती पण अर्धीच.) आमची हाफ माहीमहून सुटते आणि सी लिंकवरून वरळीला येते. एरवी तिथे पायी पाऊल ठेवायची परवानगी नाही, त्यामुळे फोटोवाले खूश, पण तिथे बघायला कोणी उभं राहू शकत नाही ना, नुसता बुटांचा आवाज आणि वारा, मला तर परत सोसायटीच्या फेऱ्याच आठवल्या. वरळीत उतरलो आणि टाळ्या ऐकू आल्या तेव्हा, हसू नका, डोळ्यांत पाणी आलं.

पेडर रोडच्या चढावर माझे पाय संपले होते. तिथे बिल्डिंगमधली माणसं खाली उतरलेली, कोणी संत्र्याच्या फोडी, कोणी मीठ, कोणी दुखऱ्या पायांवर मारायचा स्प्रे घेऊन, एक पोरगा घरातलं ताट बडवतोय. संक्रांत त्याच दिवशी होती. एका आजींनी हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, बोलू नका, धावा!" ह्यांचाच रस्ता बंद केला होता बरं का आम्ही.

पण तक्रार करणाऱ्या वाचकांचं एक मला पटतं. आमच्या भागातली एक छोटी रेस गेल्या महिन्यात परत सुरू झाली, 10 किलोमीटरची, आणि तिथे एका स्वयंसेवक पोराने पेशंट असलेली रिक्षा चौकात अडवून ठेवली, कारण सोडायची कुठून हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः थांबून वाद घातला, टायमिंग गेलं ते गेलं. रस्ते बंदची सूचना येते, नाही असं नाही, पण ती अमुक जंक्शन ते तमुक जंक्शन अशा भाषेत, ती वाचून माणसाला कळत नाही की आपल्या गल्लीतून गाडी निघणार का नाही. आयोजक लोक टी-शर्टवर आणि स्टेजवर एवढा खर्च करतात, आमच्यासारख्यांकडून फी पण दणकून घेतात, तर मार्गावरच्या प्रत्येक बिल्डिंगच्या बोर्डावर आठ दिवस आधी मराठीत एक साधा कागद लावायला काय जातं? किती वाजता बंद, किती वाजता उघडणार, पेशंट असेल तर कुठून सोडणार, फोन कोणाला करायचा. चार ओळी. आणि त्याखाली लिहा की पहिले धावणारे तुमच्या गेटसमोर साधारण एवढ्या वाजता येतील, खाली या. घरातलं ताट असेल तर तेही आणा.

आपला,
एक वाचक (हाफवाला), डोंबिवली पूर्व